मुलीचं नाव शोधताय? आधी मोठ्याने म्हणून बघा

भावाला मुलगी झाली आणि रीतीप्रमाणे नाव काढायची जबाबदारी माझ्यावर आली, आत्या ना मी. वहिनीचं सिझेरियन झालेलं, तिला जरा सावरू दे मग बारसं करू असं घरात ठरलं, त्यामुळे बाराव्या दिवसाची घाई नव्हती, चांगला दीड महिना हातात होता. दादा-वहिनीच्या अटी दोनच. वर्गात त्याच नावाच्या अजून तिघी नकोत, आणि कानाला गोड लागलं पाहिजे.

पहिले चार दिवस सगळे करतात तेच मी केलं, मोबाईलवर याद्या उघडून बसले. दोनशेएक नावांनंतर सगळी सारखीच वाटायला लागली आणि मग लक्षात आलं की मी नावं डोळ्यांनी निवडतेय. पण नाव तर हाक मारायला असतं ना, स्वयंपाकघरातून, जिन्यातून, शाळेच्या गेटवरून, आणि पोर तापाने फणफणलेली असताना रात्री हळूच. मग याद्या बंद केल्या आणि प्रत्येक नाव तोंडाने म्हणून बघायला लागले. त्या दीड महिन्यात जे जे कळलं ते इथे लिहून ठेवतेय, ज्यांच्या घरी पाळणा हलणार आहे त्यांना कामी येईल.

सगळ्यात आधी, घाई करू नका. डिस्चार्जच्या वेळी फॉर्म पुढे येतो, नाव लिहा म्हणतात, आणि दमलेले आईबाप काहीतरी लिहून मोकळे होतात. जन्माची माहिती 21 दिवसांत द्यावी लागते हे खरं, पण ती बाळाच्या नावाशिवायही देता येते. नाव नंतर घालता येतं, 12 महिन्यांच्या आत काहीही फी न भरता आणि त्यानंतर उशिराची फी भरून 15 वर्षांपर्यंत. म्हणजे कायद्याने तुम्हाला विचार करायला वेळ दिलेला आहे, तो घ्या. फार लांबवू मात्र नका, कारण 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत सगळीकडे हा जन्मदाखलाच लागणार आहे.

मग अक्षराचा प्रश्न. 27 नक्षत्रं, प्रत्येकाचे चार चरण, अशी 108 अक्षरं आणि त्यातलं एक आपल्या वाट्याला. रोहिणी असेल तर नशीब, ओ, वा, वी, वू येतात आणि भरपूर नावं मिळतात. हस्त आलं तर पू, ष, ण, ठ. आर्द्रा आलं तर कू, घ, ङ, छ, आता ङ वरून कुणी काय नाव काढायचं? आमच्या आईचा अक्षरावर जीव होता आणि मला तिला दुखवायचं नव्हतं, शेवटी गुरुजींनीच सोडवलं. ते म्हणाले, अहो नामकरणात मुळात नावं चार असतात, कुलदेवतेचं, महिन्याचं, नक्षत्राचं आणि व्यवहारातलं, नक्षत्राचं पत्रिकेत राहू दे आणि हाकेचं तुम्हाला आवडेल ते ठेवा. तुमच्याकडे ह्यावरून ताणाताण चालू असेल तर मोठ्यांना हे नक्की सांगा, विधीतलंच आहे, आपण पळवाट काढतोय असं त्यांना वाटत नाही.

आता नावं शोधायची कुठे. गोड हवंय तर गाण्याच्या घरी जा. रागांची नावं बऱ्याच जणांना सुचतात, आसावरी, भैरवी, पूर्वी ओळखीची झालीत, पण मधुवंती, रागेश्री, बागेश्री अजून कमी ऐकू येतात आणि म्हणताना जिभेवर कशी लोळतात बघा. त्याच्याही पुढे एक खजिना आहे आणि तिकडे कुणी फिरकत नाही, तो म्हणजे श्रुतींची, म्हणजे सुरांमधल्या बारीक पायऱ्यांची नावं. एका सप्तकात 22 श्रुती मानल्यात आणि जुन्या संगीतशास्त्रात प्रत्येकीला वेगळं नाव आहे, सगळी स्त्रीलिंगी. पहिल्या चार तीव्रा, कुमुद्वती, मंदा, छंदोवती, पुढे दयावती, रंजनी, प्रसारिणी, प्रीती, क्षिती, आलापिनी, रोहिणी, रम्या. ह्यातल्या मंदा, प्रीती आणि रोहिणी आपल्या मावश्या-काकवांमध्ये सापडतात पण छंदोवती नावाची मुलगी तुम्ही पाहिलीय का? मी नाही पाहिली, आणि रंजनी तर इतकं साधं सुंदर नाव आहे की ते मागे का पडलं कळत नाही. सगळ्याच श्रुती नावाला चालणार नाहीत, क्रोधा, उग्रा आणि क्षोभिणी पण त्याच बाविसात आहेत. आणि मूर्च्छना हा संगीतातला मोठा सुरेख शब्द, पण गाण्याबाहेर मूर्च्छा म्हणजे बेशुद्ध पडणं, तेव्हा तो राहू द्या.

गाण्याच्या शेजारीच कवितेची वृत्तं. मालिनी, शालिनी आपल्या आज्यांच्या पिढीत होऊन गेल्या, मंजुघोषा, देवप्रिया आणि कामदा मात्र जवळजवळ कोऱ्या आहेत. स्रग्धरा मला फार आवडलं होतं पण पहिल्याच अक्षरात जोडाक्षर, आणि तीन वर्षांच्या पोरीला पाहुण्यांनी नाव विचारलं तर तिला ते सांगता आलं पाहिजे हो.

नद्यांवर मी सगळ्यात जास्त रमले. गंगा, गोदावरी, कृष्णा, कावेरी सोडा, त्या सगळ्यांना माहीत आहेत. महाबळेश्वरला पाच नद्या उगम पावतात असं मानतात त्यात कृष्णेबरोबर वेण्णा, कोयना, गायत्री, सावित्री. खाली पुरंदर-फलटणकडे नीरा, चिपळूणची वाशिष्ठी, विदर्भात पूर्णा आणि वैनगंगा, गोव्यात मांडवी. मांडवीचं तर दुहेरी आहे, रामायणात भरताच्या बायकोचं नाव मांडवीच. उर्मिला घराघरात पोचली आणि तिची बहीण मात्र आपण मागेच ठेवली. (मांडवी म्हटलं की दादाला कोकणात जाणारी मांडवी एक्सप्रेसच आठवते, पण मला विचाराल तर ती काही वाईट आठवण नाही.)

आणि प्रवरा. हे नाव मी वहीत सगळ्यात वर लिहिलेलं. प्रवर म्हणजे श्रेष्ठ, नेवाशाला ह्याच नदीच्या काठी माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली, म्हणायला तीन अक्षरं आणि शेवट लांब आ. मी मोठ्या उत्साहाने वहिनीला ऐकवलं. ती संगमनेरची, प्रवरेच्या काठावरच वाढलेली, मला वाटलं ती खूष होईल. ती मांडीवरच्या बाळाकडे बघून म्हणाली, "ताई, नाव छान आहे पण आमच्याकडे प्रवरा म्हटलं की साखर कारखाना आठवतो हो." आणि तिचं बरोबर होतं. 1950 च्या सुमाराला त्या भागात सहकारी कारखाना उभा राहिला आणि तेव्हापासून तिकडे कारखाना, कॉलेज, गावाच्या नावातसुद्धा प्रवरा आहे. पुण्या-मुंबईच्या माणसाला ते नुसतं नदीचं नाव वाटेल, नगर जिल्ह्यातल्या माणसाला नाही वाटणार. म्हणून नाव पक्कं करण्याआधी दोन्हीकडच्या गावी एकदा बोलून घ्या, तिकडे त्या शब्दाला काय चिकटलंय ते तिकडच्याच माणसाला माहीत असतं.

फुलांमध्ये जाई, जुई, सायली, प्राजक्ता, केतकी ह्या वाटेवर गर्दी झाली. बकुळा, शेवंती, कुंदा परत आणण्यासारख्या आहेत. अबोलीला एका काकूंनी हरकत घेतली की मुलगी अबोल होईल, पण कोकणातल्या आणि गोव्यातल्या बायका त्या फुलाचे वळेसर ज्या प्रेमाने माळतात ते बघितलं की अशी शंका राहत नाही. नवीन काही हवं असेल तर कारवी बघा. सह्याद्रीतलं हे झुडूप सात वर्षांतून एकदा फुलतं आणि फुलतं तेव्हा डोंगरच्या डोंगर जांभळा होतो, त्याच्याच काठ्यांच्या कुडाच्या भिंती करून आदिवासी घरं उभी राहतात. का-र-वी, म्हणून बघा, नाव आहे की नाही? उलट तेरडा कितीही देखणा असला तरी तेरड्याचा रंग तीन दिवस हे आपल्या जिभेवर बसलंय, तिथे जाऊ नका.

आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला एक दुपार द्या. माझ्या आजीचं नाव लग्नात बदललं होतं, ताटातल्या तांदळात नवं नाव लिहिलं आणि जुनं माहेरीच राहिलं. तिला तिचं माहेरचं नाव विचारलं तर आधी लाजली, मग सांगितलं, आणि मग तिच्या बहिणींची, जावांची, वाड्यातल्या शेजारणींची अशी वीसेक नावं निघाली. गोदा, वेणू, येसू, द्वारका, चंद्रभागा, सगुणा. सगुणावर मी थांबले. सईबाई आणि सगुणाबाई दोघीही शिवाजी महाराजांच्या राण्या, सई आज पुन्हा सगळीकडे ऐकू येते आणि सगुणा मात्र कुठेच नाही. तशाच आपल्या संतांच्या घरच्या, चोखोबांची पत्नी सोयरा आणि बहीण निर्मळा, दोघींनीही अभंग रचलेत. सोयरा म्हणजे आपलं माणूस, ह्याहून गोड अर्थ मुलीच्या नावाला काय हवा!

पंधरा-वीस नावं झाली की थांबा आणि परीक्षा घ्यायला लागा. पहिली परीक्षा गॅलरीची. दादाचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे, एका संध्याकाळी तो गॅलरीत उभा राहिला, मी खाली पार्किंगमध्ये, आणि तो वरून एकेक नाव घेऊन हाक मारत होता, जशी काय मुलगी आठ वर्षांची झालीय आणि जेवायला बोलवायचंय. फरक लगेच कळतो. शेवटी आ किंवा ई असलं की आवाज ताणता येतो, सगुणाऽऽ, मधुवंतीऽऽ, थेट गेटपर्यंत पोचतो. बकुळ, कुमुद अशी नावं शेवटी मिटतात, मग आपण नकळत मधलं अक्षर ओढतो, बकूऽळ, तेही ऐकायला वाईट नाही पण लांबवर जात नाही. आपल्याकडे जुन्या गृह्यसूत्रांत मुलीच्या नावात विषम अक्षरं असावीत असं सांगितलंय, मी शास्त्र म्हणून नाही तर कान म्हणून सांगते, तीन अक्षरी नावाला खरंच एक झोका असतो.

त्याच वेळी नाव रागावून पण म्हणा. मराठीत आपण हाक मारताना नावाचा शेवट फिरवतो, मुक्ताची मुक्ते होते, सगुणाची सगुणे. ते रूप कानाला बोचतंय का बघा, कारण आजी तेच वापरणार आहे. मग लाडाचं रूप काय निघतं ते बघा. चार-पाच अक्षरी नाव घरात कुणीच पूर्ण घेत नाही, मधुवंतीची मधू होईल, छान आहे, पण आलापिनीची आलू होणार हे आत्ताच दिसतंय, ते चालणार असेल तर ठेवा. आणि नावापुढे ताई, मावशी, आजी लावून बघा. रंजनीताई, सोयरामावशी, सगुणाआजी. नुसतं बाळालाच शोभणारं नाव असेल तर ते इथे उघडं पडतं.

पूर्ण नाव म्हणून बघायला विसरू नका आणि इथे एक गोष्ट बदललीय. महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं नाव, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम झालाय. म्हणजे मुलीच्या नावाला आता लागूनच आईचं नाव येणार. मला हे फार आवडलं, पण त्यामुळे चाल बदलते. आईचं नाव सविता असेल तर सायली सविता म्हणताना स वर स येतो, वडील सुहास आणि आडनाव सावंत असेल तर चारही स, काहींना ते आवडतं, माझी जीभ अडखळते. आडनावाशी सांधा पण बघा, अबोली लिमये म्हणताना ली आणि लि एकमेकांत घुसतात, मालिनी निकमचं तसंच. चारही शब्द न थांबता तीनदा म्हणा, कुठे अडखळताय ते कळेल.

अर्थ बघायचा तो चांगल्या शब्दकोशात. याद्यांमध्ये प्रत्येक दुसऱ्या नावापुढे देवीचं नाव किंवा सुंदर असं छापलेलं असतं, त्यावर विसंबू नका. मोल्सवर्थचा मराठी कोश आणि आपट्यांचा संस्कृत कोश दोन्ही नेटवर फुकट बघायला मिळतात, पाच मिनिटांचं काम आहे. कृत्या हे नाव कसं छान वाटतं, पण कृत्या म्हणजे दुसऱ्याच्या नाशासाठी मंत्राने उभी केलेली शक्ती. वैतरणा ही ठाणे-पालघरकडची खरी नदी, सुंदर नदी, पण वैतरणी म्हटलं की लोकांना मेल्यावर ओलांडायची नदीच आठवते. तृषा म्हणजे तहान, कित्येकांना माहीत नसतं. शब्द म्हणून तहान काही वाईट नाही, पण माहीत असून ठेवणं वेगळं. अर्थ मुलीला रोज अंगावर वागवायला लागतो हो. सातारा जिल्ह्यात 2011 साली नकोशी, नकुसा अशी नावं असलेल्या 285 मुलींची नावं समारंभ करून बदलली होती, त्यातल्या बऱ्याच जणींनी नवं नाव स्वतः निवडलं. शाळेत रोज हजेरीला नकोशी म्हणून हजर म्हणायचं, हा विचार आला की मला अजून गलबलतं.

स्पेलिंगचा विचार नाव पक्कं करायच्या आधी करा, नंतर नाही. ऋ आला की आपण मराठी लोक रु लिहितो, हिंदीवाले रि, ज्ञ चं आपल्याकडे द्न्य आणि तिकडे ग्य. ळ आणि ण महाराष्ट्राबाहेर गेले की ल आणि न होतात, निर्मळाची निर्मला होणारच, माझी मावसबहीण परदेशात आहे तिच्या नावातला ळ तिकडे गेल्यापासून कुणी उच्चारलेला नाही. म्हणून ळ चं नाव ठेवू नका असं मी म्हणणार नाही, उलट ळ आपल्या भाषेचा दागिना आहे, फक्त मुलीला तो आयुष्यभर समजावून सांगावा लागेल हे धरून चाला. एक स्पेलिंग ठरवा, कागदावर मराठी आणि इंग्रजी दोन्ही लिहा आणि दाखल्याच्या वेळी तोच कागद पुढे करा, तोंडी सांगू नका. माझ्या मुलाच्या दाखल्यावर एक वेलांटी चुकली आणि ती दुरुस्त करायला तीन महिने हेलपाटे झाले. दाखला हातात आला की खिडकीपाशीच उभं राहून एकेक अक्षर वाचा, मगच निघा.

कमी ऐकू येणाऱ्या माणसाला पण नाव सांगून बघा. आजीला मधुवंती एका दमात कळलं, छंदोवती तिने तीनदा चंदावती ऐकलं.

शेवटची परीक्षा आत्यांसाठी. बारशाला नाव पहिल्यांदा मोठ्याने घेत नाहीत, आत्या पाळण्यात वाकून बाळाच्या कानात कुर्रर्र करून सांगते. म्हणजे मुलीला तिचं नाव पहिल्यांदा कुजबुजून कळतं. म्हणून नावं कुजबुजून बघा. मी रात्री एकटी बसून आमच्या यादीतली उरलेली सहा नावं अशी म्हटली. कुजबुजताना स, श, क्ष फार पुढे येतात, क्षिती म्हणताना नुसती फुंकर ऐकू येते, आणि म, न, ल, व वाली नावं मऊ राहतात, एवढ्याशा कानाला तेच बरं. त्या रात्री सहाची दोन झाली आणि दुसऱ्या दिवशी वहिनीने बाळाला दूध पाजताना दोन्ही म्हटली आणि एक ठेवलं. कुठलं ते इथे सांगत नाही, बारसं रविवारी आहे. घुगऱ्या भिजवायला सांगितल्यात, गोविंद घ्या गोपाळ घ्या म्हणायला चौघी जणी ठरल्यात, आणि पाळण्यामागे लावायच्या बोर्डासाठी नाव चिठ्ठीवर लिहून दादाच्या खिशात दिलंय, ऱ्हस्व-दीर्घ दोनदा तपासून.